दुपारचा पाळणा

माघ सरत आला की मला राग येतो. या दिवसांत लोकांना आंब्याच्या मोहोराचा वास येतो, पळस फुललेला दिसतो. मला जनरेटरच्या धुराचा वास येतो. घरातली माणसं आता याला सरावली आहेत. सून म्हणते, आईंचा सीझन सुरू झाला. माझ्या शिवणकामाच्या क्लासला येणाऱ्या मुलींनाही कळतं. त्या दिवसांत टीप वाकडी गेली तर त्या स्वतःच उसवून ठेवतात, मला दाखवत नाहीत.

यंदा राग जरा जास्तच आहे. परतीचा पाऊस आलाच नाही. लातुरात नळाला पाणी कधी येतं हे विचारायचं आम्ही सोडून दिलंय. आलं की शेजारीण हाक मारते आणि सगळी गल्ली बादल्या घेऊन पळते. अशात परवा बसवराजचा फोन आला. बसवराज माझा चुलत भाऊ, माझ्या नीलाकाकूचा मुलगा. काकू त्याच्याकडेच असते. तो म्हणाला, "ताई, शहराबाहेर नवं पार्क झालंय. पाळणा असा हाय की अख्खं लातूर दिसतंय वरून. रविवारी आईला नेणार हाव. तुम्हीबी चला."

मी सरळ नाही म्हणाले. मग फोनवर काकू आली. सत्तरी ओलांडली तरी तिच्या बोलण्यातली कानडी लय गेलेली नाही. म्हणाली, "शोभा, जाऊ की ग. बघू तर काय हाय."

म्हणून मी गेले. पण तिथलं सांगायच्या आधी मला दुसऱ्या पाळण्याचं सांगितलं पाहिजे.

आमचं गाव उदगीरहून मुखेडकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही. भावकी अजून तिथंच आहे आणि मी तिला चांगली ओळखून आहे. बाजाराचं गाव. शिवरात्रीच्या सुमाराला जत्रा भरायची आणि जत्रेत हसीनाबीचा पाळणा यायचा. लाकडाचा, चार खोक्यांचा. दोन्ही बाजूंना कैचीसारखे उभे केलेले दणकट खांब, मधे आडवा कणा आणि त्याच्याभोवती फिरणारी चार खोकी. खोक्यांवर दरवर्षी नव्यानं रंगवलेले पोपट. वीज नाही, इंजिन नाही. हातानं ढकलायचं. कण्याला एरंडेल पाजलेलं असायचं, तरी तो कण्हायचा. ते कण्हणं आमच्या घराच्या मागच्या अंगणात ऐकू यायचं आणि काकू हातातलं काम तसंच ठेवून मान वर करायची.

हसीनाबी मुखेडकडची. नवरा गेल्यावर पाळणा तिच्याकडे आला आणि तिनं तो विकला नाही. अंगानं थोराड, तोंडात पान, आवाज सगळ्या मैदानाला पुरेल असा. सकाळी आणि संध्याकाळी तिचे दोघे दीर पाळणा फिरवायचे. तेव्हाचं गिऱ्हाईक म्हणजे पोरं, गडी, बाजारकरू. पण दुपारची जेवणं झाली की हसीनाबी दिरांना चहाला घालवून द्यायची आणि पाळण्याभोवती कनात ताणायची. जाड कापडाच्या त्या आडोशाच्या आत एकही पुरुष नाही. मग ती आणि तिची नणंद चाँदबी पदर खोचून पाळण्याला लागायच्या. ती दुपार बायकांची.

गावातल्या सगळ्या घरांतल्या बायका यायच्या. वाण्यांच्या, पाटलांच्या, कसाबगल्लीतल्या, तांड्यावरच्या, वेशीबाहेरच्या. हसीनाबी ओळीत जी पुढं असेल तिला चढवायची. शेजारी कोण बसली म्हणून एखादीनं नाक मुरडलं, तर म्हणायची, "तेरेकू नको हाय तो तू पैदल जा ऊपर." मग ती बाई गुमान बसायची. नवीन सुनेला ती दंडाला धरून बसवायची आणि सांगायची, "डरू नक्को अम्मा, मैं नीचे हूँ."

आणि त्या पाळण्यात एक गोष्ट होती. वर गेल्यावर कुणी "थांबव ग" म्हणालं, की हसीनाबी खालच्या खोक्याला खांदा लावून पाळणा अडवून धरायची. वरचं खोकं वरच राहायचं. किती वेळ, हे वरच्या बाईनं ठरवायचं. खालच्या बायका कुरकुर करायच्या, पण फार नाही, कारण पुढच्या खेपेला त्यांनाही थांबायचं असायचं.

नीलाकाकू दरवर्षी थांबायची. मी तिच्या शेजारी बसलेली असायचे. ती कर्नाटकातल्या भालकीकडची, लग्न होऊन आमच्या घरात आली आणि आतच राहिली. आमच्या घराला पुढून दुकान होतं. पुढच्या दारानं घरातल्या बायका यायच्या-जायच्या नाहीत. मागं अंगण, अंगणाला भिंत. कनातीच्या वर खोकं निघालं की काकू दक्षिणेकडे तोंड करून बसायची आणि मला कोपरानं ढोसून म्हणायची, "नोड." म्हणजे बघ. मी बघायचे. पीक निघून उलंगलेली ज्वारीची रानं, एखादी एसटी, तिच्यामागं धुरळा.

"काय दिसायलंय काकू?"

"काई न्हाई. तेच बघायलेय."

मी त्या पाळण्याला देव्हाऱ्यात बसवत नाही. त्याच्या फळ्यांची कुसळं लुगड्यात अडकायची. तो हिसके द्यायचा. कितीतरी बायका उतरल्यावर कनातीच्या कडेला जाऊन ओकायच्या. एकदा खोकं कलंडून एका मुलीचा हात मोडला होता. लोखंडाशी आणि विजेशी माझं भांडण नाही. माझा सगळा क्लास विजेच्या मशिनींवर चालतो. जुन्याच्या आठवणीनं डोळे पुसणाऱ्या बायकांतली मी नव्हे. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कचेरीच्या कामाला उस्मानाबादपर्यंत हेलपाटे घालणं संपलं होतं आणि गावातल्या पुढारी माणसांच्या चालण्यात फरक पडला होता. जो तो जिल्ह्याचं बोलायचा. पाऊस मात्र दोन वर्षं धड झाला नव्हता. ज्वारी गुडघ्याच्या वर आली नाही. गावामागचं तळं आटलं, मग त्याला भेगा पडल्या, मग त्या भेगांत बायका झिरे खणू लागल्या. हातभर खोल खणायचं, वाट बघायची आणि वाटीनं पाणी घागरीत भरायचं. त्या वर्षी माझ्या आईचे, काकूचे, सगळ्याच बायकांचे हात कोपरापर्यंत मातीच्या रंगाचे झाले होते. तालुक्याहून टँकर यायचा. यायचा म्हणजे कधी यायचा, कधी नाही.

गावातले काही वयस्क म्हणाले, यंदा जत्रा नको, नुसता नैवेद्य करू. माझे वडील, म्हणजे आप्पा, जत्रेच्या पंचमंडळींत होते. ते दुकानाच्या फळीवर बसून म्हणाले, "आता आपलं गाव जिल्ह्याच्या नजरंत हाय. पाहुणे यायलेत. जत्रा होणार, आन् नीट होणार." नीट म्हणजे काय, ते चार दिवसांनी कळलं. सगळं मैदान बाहेरच्या एका ठेकेदाराला दिलं होतं आणि तो विजेचा पाळणा घेऊन आला होता. दोन ट्रक भरून लोखंड. आम्ही पोरं ट्रकमागं पळालो. मीही पळाले, खोटं कशाला सांगू. तो उभा राहिला तेव्हा गावातल्या देवळाच्या शिखराहून उंच होता. त्याला लाल-हिरवे दिवे होते. जनरेटर सुरू झाला की जवळच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागायचं.

हसीनाबी नेहमीसारखी दोन बैलगाड्यांतून आली. तिला मैदानाच्या कडेला, तळ्याच्या बांधाला लागून जागा दाखवली. तिनं तिथंच पाळणा उभा केला.

ज्या दिवशी जिल्ह्याचे साहेब आणि पुढारी पाहुणे म्हणून येणार होते त्या सकाळी आमच्या गल्लीत बायका घागरी मांडून टँकरची वाट बघत होत्या. काकूसोबत मीही होते. टँकर आला. गल्लीच्या तोंडाशी थांबला नाही, पुढं गेला. सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. काकूनं घागर उचलली आणि त्याच्यामागं चालायला लागली. मग मी, मग सगळी गल्ली.

टँकर मैदानात उभा होता. एक माणूस नळी धरून जमिनीवर पाणी मारत होता. पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून. नव्या पाळण्याच्या भोवती, मंडपाच्या वाटेवर. ओल्या मातीचा वास आला. तो वास सगळ्यांना आवडतो म्हणतात. मला त्या दिवसापासून आवडत नाही.

काकूनं जाऊन घागर नळीखाली ठेवली.

"बाई, बाजूला व्हा. हुकूम हाय," नळीवाला म्हणाला.

ती हलली नाही. मंडपातून आप्पा आले. आमच्या घरात काकू आप्पांशी कधी बोलली नव्हती. थोरल्या दिरासमोर ती उभीही राहायची नाही. काही सांगायचं असलं तर माझ्या आईच्या तोंडून सांगायची. आप्पा म्हणाले, "नीला, घरी जा."

तिनं पदर कपाळावर ओढून घेतला आणि तोंड उघडलं. "आप्पा, गल्लीतल्या लेकरांला पाणी न्हाई, आन् तुम्ही धुळीला पाजून राहिलात."

"तुला कळत न्हाई त्यातलं. पाहुणे यायलेत. धूळ बसवायची हाय."

"दुपारपस्तोर पुन्हा उडंल ती."

आवाज चढलेला नव्हता. पण मैदानातल्या सगळ्या माणसांना प्रत्येक शब्द ऐकू गेला. नळीवाल्यानं आप्पांकडे पाहिलं, मग दुसरीकडे बघत नळी तशीच घागरीत धरून ठेवली. काकूची भरली, माझी भरली, आणखी चार-पाच जणींच्या भरल्या. तेवढ्यात पंचांपैकी कुणीतरी ओरडलं आणि नळी पुन्हा जमिनीकडे वळली. उरलेलं पाणी त्यांनी मैदानावर ओतलंच. दुपारी धूळ पुन्हा होती. आणि पाहुणे त्या दिवशी आलेच नाहीत. उद्या येतो असा निरोप आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टँकर आला. या खेपेला त्याच्यासोबत काठी घेतलेले दोघं होते.

घागरी भरल्या त्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, काकूला सांगितलं, "जत्रंत पाय टाकायचा न्हाई." आप्पा जेवायला बसले. माझ्या आईनं त्यांच्या तांब्यात काकूच्याच घागरीतलं पाणी ओतलं. ते प्यायले. मी समोर बसले होते. दहा वर्षांची होते, पण ते पाणी त्यांच्या गळ्याखाली उतरताना मी पाहिलं आणि तेव्हा मला जे वाटलं, त्याचं नाव मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराचा माणूस आणि पँट-शर्टातला आणखी एक जण हसीनाबीकडे गेले. तिचा पाळणा लाकडाचा, धोक्याचा, परवाना नसलेला. आता जिल्हा नवीन झालाय, नियम नवीन झालेत. तिनं पान थुंकलं आणि विचारलं, "जिल्हा नया हुआ, बायां तो वोच हाय ना?" दुपारच्या आत पाळणा सोडून उचलायला सांगून ते गेले.

तिनं सोडला. आणि बांधाच्या पलीकडे, कोरड्या तळ्यात, झिऱ्यांच्या शेजारी नेऊन पुन्हा उभा केला. ती जागा मैदानाची नव्हती, ठेकेदाराची नव्हती, पंचांचीही नव्हती. पाणी असतं तर ती मासेवाल्यांची असती. झिऱ्यावर गेलेल्या बायकांना तिनं सांगितलं, "आज फुकट. जिसकू आना हाय आओ." कनात नव्हती, ती मैदानावरच ठेकेदाराच्या माणसांनी अडकवून ठेवली होती. बांधाचाच काय तो आडोसा.

चार वाजून गेल्यावर काकूनं घागर उचलली. आईनं विचारलं, "कुठं?"

"जत्रंला न्हाई अक्का. झिऱ्याला."

आईनं तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "शोभे, तूबी जा सोबत." माझ्या आईनं आयुष्यात घेतलेली बाजू ती एवढीच.

तळ्यात गावातल्या निम्म्या बायका होत्या. घागरी एका बाजूला मांडलेल्या, आणि मधे तो कण्हणारा पाळणा. पलीकडे मैदानात भोंगा वाजत होता. पाहुणे आले होते. आमची वेळ आली. चाँदबीनं आम्हाला बसवलं. वर गेलो तसं बांधापलीकडचं मैदान दिसायला लागलं, मंडप, टोप्या, आणि समोर तो विजेचा पाळणा, हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. नारळ फुटला. पाहुणे पुढच्या खोक्यात बसले, मागच्यांत पंचमंडळी. एकात आप्पा, गळ्यात हार, डोक्यावर पांढरी टोपी. जनरेटरनं धूर सोडला आणि तो पाळणा फिरू लागला.

"थांबव," काकू खाली वाकून म्हणाली. हसीनाबीनं खांदा लावला. आमचं खोकं वर थांबलं.

वारा होता. काकूचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला. तिनं तो वर घेतला नाही. आप्पांचं खोकं वर चढत आलं, आमच्या समोर आलं, आणि त्यांनी आम्हाला पाहिलं. दोन्ही हातांनी समोरचा गज धरलेला. त्यांचं तोंड हललं, पण जनरेटरमुळं काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, ते ओरडायलेत आमच्यावर. मी खोक्यात खाली सरकले. ते वर गेले, पलीकडे उतरले, बांधाआड गेले आणि पुन्हा आले. पुन्हा तोंड हललं. पुन्हा गेले. टोपी कधीच उडून गेली होती. ज्या-ज्या वेळी ते वर आले, त्या-त्या वेळी काकू तिथंच होती, डोकं उघडं, हात मांडीवर, त्यांच्याकडे बघत. पाच फेऱ्या, सात फेऱ्या, मला माहीत नाही. तो पाळणा थांबेचना.

मग काकू म्हणाली, "बास." आम्ही उतरलो, घागरी भरल्या आणि घरी गेलो.

घरी कुणी आरडाओरडा केला नाही. त्याची मला जास्त भीती वाटली. सकाळी काकांनी काकूची पिशवी भरून ठेवली होती. तिला माहेरी धाडायला भालकीची गाडी होती. आप्पा फळीवर बसून, हिशोबाकडे बघत म्हणाले, "पोरगं इथंच ऱ्हाईल."

बसवराज तेव्हा चार वर्षांचा होता. काकू त्याच्याकडे न बघता मागच्या दारानं गेली. बघितलं असतं तर गेली नसती, हे मला आता कळतं. तो तिच्यामागं पळाला. मी त्याला धरलं. त्यानं माझ्या हाताला चावे घेतले. घरातल्यांनी त्याला सांगितलं, आई आजारी हाय, बरी झाली की येईल. गावालाही तेच सांगितलं, हवापालटाला धाडली म्हणून. इतकी स्वच्छ शिक्षा होती ती, की तिला शिक्षा म्हणायचीही सोय नव्हती.

तो उन्हाळा मला आठवतो तो एसटीच्या आवाजानं. गाडीचा आवाज आला की बसवराज मागच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचा. आवाज विरला की उठून आत यायचा. रडायचा नाही. पहिल्या आठवड्यानंतर त्यानं रडणं सोडून दिलं होतं आणि घरातले म्हणत होते, शहाणं पोरगं हाय, समजूतदार हाय. मिरगाचा पाऊस पडला, पेरण्या झाल्या, आणि मग कधीतरी काकांनी जाऊन काकूला आणलं. बसवराज माझ्या आईच्या लुगड्यामागं लपला. काकूनं हात पुढं केले. तो बाहेर आला, तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "अहो, पाणी देऊ का?"

अहो. पाहुण्या बाईला म्हणतात तसं.

पुढच्या वर्षी जत्रेत फक्त विजेचा पाळणा होता, आणि त्याच्या पुढच्याही. दुपारची कनात परत कधी लागली नाही. बायका लांब उभ्या राहून दिवे बघायच्या. पुरुषांनी भरलेल्या मैदानात, भोंग्याच्या आवाजात, कुणाच्या तरी मुलाच्या शेजारी खोक्यात बसायला कुणाची सून जाणार होती? कुणी बंदी घातली नव्हती. मला नेहमी वाटतं, बंदी घातली असती तर निदान भांडता आलं असतं. गावात सुधारणा झाली म्हणून सगळे खूश होते. ज्या सुधारणेनं अर्ध्या गावाची एकुलती एक दुपार गेली, ती सुधारणा कुणाची, हे विचारायला कुणी नव्हतं. अजूनही मी विचारते तेव्हा लोक हसतात. ताई, जग कुठं चाललंय, म्हणतात. जग कुठंही जावो. जाताना कुणाला खाली उतरवलं, एवढं तर बघा.

लग्नानंतर एकदा मुखेडच्या बाजारात मला हसीनाबी भेटली. बांगड्या विकत होती. तिनं मला ओळखलं नाही, पण गावाचं नाव सांगितल्यावर लगेच विचारलं, "वो भालकीवाली अम्मा कैसी हाय?" पाळण्याचं काय केलंस, असं मी विचारलं. शेळ्यांचा गोठा केला म्हणाली. चांगली लाकडं होती, पावसात गळत नाही. असं म्हणून माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या.

आप्पा शेवटच्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे लातुरात होते. डोळ्यांवर पट्टी होती. एरवी अबोल माणूस, पण दिसत नव्हतं म्हणून की काय, दुपारभर बोलत राहायचे. एकदा आपणहून म्हणाले, "शोभा, त्या पाळण्यात मला लई भ्या वाटलं होतं."

मी मशीन थांबवलं.

"वर गेलं की पोटात खड्डा पडायचा. थांबवा, थांबवा म्हणून मी वरडून राहिलो होतो. जनरेटरमुळं कुणालाच ऐकू जाईना. आन् समोर ती नीला. निवांत. घरच्या ओट्यावर बसावं तशी." त्यांनी पट्टी चाचपली. "मला वाटलं, हिनं बघितलं आपल्याला. भेलेलं बघितलं. मग ती डोळ्यासमोर नकोच वाटाया लागली."

मला ठाऊक आहे, इथं काय व्हायला हवं होतं. म्हातारा बाप पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी कबूल करतो आणि लेकीचं मन भरून येतं. माझं नाही आलं. इतकी वर्षं मी समजत होते की घराण्याच्या अब्रूसाठी, रीतीसाठी, काहीतरी मोठ्या, चुकीच्या का होईना पण मोठ्या कारणासाठी त्यांनी ते केलं. ते एका माणसाला पोटात खड्डा पडला म्हणून झालं होतं. चार वर्षांचं पोर अख्खा उन्हाळा उंबऱ्यावर बसलं, ते एवढ्यासाठी. मी त्यांना म्हणाले, "हे काकूला सांगा." ते म्हणाले, "आता कशाला." त्यांनी सांगितलं नाही. मी सांगितलं, ते गेल्यावर. काकू भाजी निवडत होती. म्हणाली, "मला दिसत होतं की ग त्यांचं तोंड. थांबवा म्हनत होते."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"कुनाला बोलायचं?"

तर रविवारी आम्ही त्या पार्कात गेलो. बसवराज, त्याची बायको, मुलगी, काकू आणि मी. जाताना रस्त्याला टँकरची रांग लागली होती. आत शिरल्याबरोबर निळ्या फरशीचा मोठा हौद, त्यात घसरगुंड्या, आणि एका मांडवाखाली पाटी, रेन डान्स. वरून पाईपातून पाऊस पडत होता आणि त्याखाली माणसं गाण्यावर नाचत होती. मी तिथल्या मुलाला विचारलं, "हे पाणी कुठलं?"

"बोअरचं, मॅडम. तेच तेच फिरतं, वाया नाही जात."

"आणि बोअरमध्ये कुठून येतं?"

तो हसला. बसवराज माझ्या कोपराला धरून म्हणाला, "ताई, राहू द्या. लोकं बघायलेत." बघू देत. लोकांच्या बघण्याला मी आता भीत नाही.

पाळणा खरंच मोठा होता. काचेची बंद खोकी, आत गार हवा, पट्टे, कुठूनतरी बोलणारा गोड आवाज. हिसका नाही, कुसळ नाही, कण्हणं नाही. जे चांगलं आहे ते चांगलं म्हणते मी. चढताना काकूनं बटणांजवळच्या मुलाला विचारलं, "बाबा, वर गेल्यावर जरा थांबवशील का?"

"नाही आजी. तसं सेटिंगच नाही."

"आन् कुनाला उतरायचं असलं मधीच तर?"

"सगळी फेरी झाल्यावरच दार उघडतं."

बसवराजची बायको आणि मुलगी पुढच्या खोक्यात बसल्या. आमच्यात काकू, बसवराज आणि मी. दार बाहेरून लागलं. लातूर खाली जाऊ लागलं. गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या, रस्ते, टँकर. बसवराज खुशीत होता. त्यानं आईला दाखवायला आणलं होतं, मनापासून आणलं होतं. "दिसतंय का आई?" तो विचारत होता. मग माझं तोंड बघून म्हणाला, "ताई, तुम्हाला एवढा राग कशाचा येतो हो? नुसता पाळणा तर हाय."

मी तोंड उघडलं. काकूनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी सांगते," ती म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. टँकरचं, तळ्याचं, सगळं. तिखट-मीठ न लावता, कुणालाही नावं न ठेवता. बसवराज आधी हसत ऐकत होता, आप्पांची टोपी उडाली तिथपर्यंत. मग त्याचं हसणं हळूहळू बंद झालं. आमचं खोकं सगळ्यात वर होतं.

"म्हणजे तू आजारी होतीस तवा," तो म्हणाला. "भालकीला. मी लहान होतो तवा."

"मी आजारी नव्हते रे. मी पाळण्यात बसले होते."

तो काचेतून बाहेर बघत राहिला. पंचेचाळिशीचा माणूस, कानशिलांवर केस पिकलेले. आम्ही खाली येऊ लागलो. मग त्यानं विचारलं, आणि तो आवाज मी त्या उन्हाळ्यानंतर ऐकला नव्हता, "मग मला संगं का न्हाई नेलंस?"

"मागितलं होतं तुला," काकू म्हणाली. "रात्रीच आप्पांच्या पाया पडले. सकाळी तुझ्या बापाच्या पडले. दिलं न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं मी रागात होते, आणि मला निम्मंच माहीत होतं.